नव्या मुख्याध्यापकांना मार्गदर्शन करताना किती सांगावे आणि किती विचारावे?

पायवाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी १४ वर्षे एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. या वर्षापासून, माझी शाळा सांभाळूनच, नुकत्याच रुजू झालेल्या तीन मुख्याध्यापकांना मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. मी ते आनंदाने स्वीकारले. मी स्वतः रुजू झालो तेव्हा किल्ल्यांचा जुडगा आणि फायलींनी भरलेले कपाट यांखेरीज मला कोणी काही दिले नव्हते, आणि पहिल्या दोन वर्षांतल्या कितीतरी चुका केवळ विचारायला माणूस नसल्यामुळे झाल्या, हे मला आजही लख्ख आठवते. मात्र मार्गदर्शकाने नेमके काय करायचे, हे मला कोणी सांगितलेले नाही, आणि आपल्याला एखादे काम येते म्हणून ते दुसऱ्याला शिकवताही येते असे नाही, हे पहिल्या तीन महिन्यांतच माझ्या लक्षात आले. ज्या प्रसंगाने ते लक्षात आले, तो सविस्तर सांगतो.

तिघांपैकी एका मुख्याध्यापिकांनी तिसऱ्या आठवड्यात मला फोन केला. शाळेतील सर्वांत खालच्या वर्गाचे गणित फार कच्चे आहे, काय करावे, असे त्यांनी विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता माझ्या शाळेतला उपाय सांगितला : गणिताचे सर्वांत अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांवरून काढून खालच्या वर्गाला द्या, पाया पक्का झाला की पुढचे सोपे जाते. माझ्या शाळेत या बदलाचा खरोखरच उपयोग झाला होता. त्यांनी पुढच्याच सोमवारी नवे वेळापत्रक लावले. २२ वर्षे वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या त्या शिक्षकांना हा बदल सूचनाफलकावर वाचून कळला. त्यांना तो आपला अपमान वाटला, बहुतेक सहकाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि मॅडम शिक्षक कक्षाच्या दारात आल्या की आत चाललेले बोलणे थांबू लागले.

हे कळले त्या रात्री मी माझ्या शाळेतला तो बदल पहिल्यापासून आठवून पाहिला. वेळापत्रकाला हात लावण्याआधी जवळजवळ वर्षभर मी त्या शिक्षकांशी बोलत होतो. खालच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिल्या होत्या, आणि अखेरीस ‘हा वर्ग मलाच द्या’ असे त्यांनी स्वतःहून म्हटले होते. फोनवर यातले मी काहीच सांगितले नाही. लपवण्याचा हेतू नव्हता. ते सारे उपायाचाच भाग होते, असे मला तोवर वाटलेच नव्हते.

तेव्हापासून मी उत्तर देताना अडखळतो. नुसते प्रतिप्रश्न विचारत राहिलो, तर समोरची व्यक्ती अडचणीत असताना मी हात झटकतो आहे असे होईल. आणि उत्तर दिले, तर पुन्हा माझ्या शाळेचे उत्तर त्यांच्या शाळेवर लादले जाईल. किती सांगावे आणि किती विचारावे, याचा काही आडाखा तुम्ही बांधला आहे का? भेटी किती वेळा आणि कुठे घ्याव्यात? आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. वर्षअखेरीस या तिघांच्या कामाविषयी मी वरिष्ठांना लेखी अभिप्राय द्यावा, असे मला सांगण्यात आले आहे. हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि अलीकडे त्यांच्याकडून मला फक्त चांगल्या बातम्या ऐकू येतात.

सहप्रवासी यांचे उत्तर

पायवाट सर, आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो सुटला नाही तर बाकीच्या दोहोंची उत्तरे कितीही बरोबर असली तरी ती वापरायला जागाच उरणार नाही. तो अभिप्राय आपण देऊ नये. आपण तो देणार नाही, हे वरिष्ठांना आत्ताच, वर्ष संपण्याची वाट न पाहता, नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

मी नऊ वर्षे हे काम करतो आहे. दुसऱ्या वर्षी एका बैठकीनंतर वरिष्ठांपैकी एकांनी मला चालता चालता विचारले, ‘ते नवे मुख्याध्यापक कसे आहेत?’ मी चांगल्या भावनेनेच म्हणालो, ‘माणूस अतिशय प्रामाणिक आहे, फक्त जरा हळवा आहे.’ महिन्याभरात तो ‘हळवा’ शब्द फिरत फिरत त्यांच्या कानावर गेला. त्यांनी मला जाब विचारला नाही. आमच्या भेटी ठरल्या दिवशी होत राहिल्या, ते वेळेवर यायचे, कागदपत्रे नीट लावून समोर ठेवायचे. पण त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकही अडचण सांगितली नाही, आणि तीन शिक्षकांनी शाळा सोडली हे मला बाहेरून कळले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. वर्षाच्या सुरुवातीला वरिष्ठ, नवे मुख्याध्यापक आणि मी, असे तिघे एकदा एकत्र बसतो. भेट कोणत्या तारखेला झाली आणि साधारण कोणत्या विषयावर झाली, एवढेच माझ्याकडून वर जाईल, हे तिघांसमोर बोलले जाते. अपवादही तेव्हाच सांगतो : मुलांच्या सुरक्षिततेला धोका दिसला किंवा पैशांचा गैरव्यवहार दिसला, तर मी गप्प राहणार नाही, मात्र आधी ते मुख्याध्यापकांना सांगेन आणि मगच पुढे जाईन. कामाचे मूल्यमापन आवश्यक आहेच, ते वरिष्ठांनी स्वतः शाळेत येऊन करावे. ज्या माणसापुढे मन मोकळे करायचे, त्याच्याच हातात आपला निकाल असेल, तर कोणीही शहाणा माणूस जपूनच बोलणार.

आता किती सांगावे याविषयी. आपल्या वेळापत्रकाच्या प्रसंगातली खरी अडचण माझ्या मते वेगळीच होती. त्या मॅडमनी ‘काय करू’ असे विचारले तेव्हा त्यांनी स्वतः तो वर्ग पाहिला होता की नाही, हे आपल्याला माहीत नव्हते, आणि बहुधा त्यांनी तो नीट पाहिलेला नव्हता. नव्या मुख्याध्यापकांच्या हातात पहिल्या महिन्यांत निकालाचे तक्ते असतात, आधीच्यांनी सांगितलेल्या गोष्टी असतात, पालकांच्या तक्रारी असतात. प्रत्यक्ष वर्ग मात्र त्यांच्या नजरेखालून गेलेला नसतो. म्हणून मी पहिल्या सत्रात सल्ल्यापेक्षा एकत्र पाहण्यावर भर देतो.

आम्ही दोघे एकाच वर्गात मागच्या बाजूला २० मिनिटे बसतो. संबंधित शिक्षकांना आदल्या दिवशी सांगितलेले असते की, ही तपासणी तुमची नाही, मुख्याध्यापक वर्ग पाहायला शिकत आहेत. वहीत फक्त दिसलेले आणि ऐकलेले लिहायचे, मत लिहायचे नाही. नंतर कार्यालयात येऊन वह्या समोरासमोर ठेवायच्या. एकदा एका मॅडमच्या वहीत असे होते : ‘आवाज स्पष्ट. फळ्यावरचे अक्षर सुंदर. वर्गात शिस्त. पाठाची तयारी चांगली.’ माझ्या वहीत होते : ‘१०.४० : प्रश्न. तीन हात वर. पहिल्या बाकावरच्या मुलीचे उत्तर. १०.४३ : दुसरा प्रश्न, तीच मुलगी. खिडकीजवळचा मुलगा उदाहरण उतरवतो आहे. फळा पुसला गेला. त्याचे अर्धेच झाले आहे. त्याने पान उलटले.’ मॅडमनी दोन्ही वह्या वाचल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, ‘मी सगळा वेळ शिक्षकांकडेच पाहत होते.’ मी सल्ल्याचे एक वाक्यही उच्चारले नव्हते. पुढच्या वेळी त्यांच्या वहीत मुले होती. ‘खालच्या वर्गाचे गणित कच्चे’ या तक्रारीमागे पुसला गेलेला फळा आहे, न बदलणारे तीन हात आहेत की आणखी काही, हे एकदा दिसले की उपाय बहुतेक वेळा त्यांचा त्यांनाच सुचतो, आणि तो त्यांच्या शाळेला साजेसा असतो.

वर्गाइतकाच महत्त्वाचा, पण कोणी आपणहून न काढणारा विषय म्हणजे ज्यांना मुख्याध्यापकपद हवे होते आणि मिळाले नाही, ते सहकारी. बहुतेक शाळांत अशी एक व्यक्ती असते, पुष्कळदा उपमुख्याध्यापक किंवा सेवेने ज्येष्ठ शिक्षक. मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत थेट विचारतो, ‘पद न मिळाल्याविषयी त्यांच्याशी तुम्ही कधी बोललात का?’ उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी असते. मग आम्ही त्या संभाषणाचा सराव करतो. मी उपमुख्याध्यापकांची भूमिका घेतो, नवे मुख्याध्यापक मुख्याध्यापक म्हणूनच बोलतात. पहिल्यांदा वाक्ये फार गुळगुळीत येतात, ‘आपण सगळे एकच आहोत’ अशी. तिसऱ्यांदा करताना कुठेतरी खरे वाक्य सापडते : ‘या शाळेची माहिती तुम्हाला माझ्याहून जास्त आहे, आणि माझ्या हाताखाली काम करणे तुम्हाला सोपे जाणार नाही, हे मला समजते.’ असे वाक्य कोणाला तयार करून देता येत नाही. ते शोधायला मात्र सोबत बसता येते.

भेटींविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्या सत्रात दर पंधरवड्याला, दोन तास, आणि त्यांच्या शाळेत. त्यांना आपल्या शाळेत बोलावले की आपली शाळा आदर्श ठरते आणि त्यांची सदोष. पुढे महिन्यातून एकदा पुरते. शिक्षकांची पहिली सभा, पहिली पालक सभा, निकालाचा आठवडा आणि पुढच्या वर्षाचे कार्यवाटप, या चार वेळा मात्र आधी बोलणे झालेच पाहिजे.

दुसरे वर्ष यांचे उत्तर

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला आहे. मुख्याध्यापिका होऊन मला दीड वर्ष झाले. वेळापत्रकाचा प्रसंग वाचून मी थबकले, कारण त्या मॅडमच्या जागी मी असते तर मीही अगदी तसेच केले असते. नव्या माणसाला उत्तर हवे असते असे नाही, त्याला आधी धीर हवा असतो; आणि अनुभवी माणसाचे तयार उत्तर हातात आले की काही काळ तरी धीर आल्यासारखे वाटते. आपल्याला विचारलेल्या प्रत्येक ‘काय करू’ मध्ये ‘मी हे निभावू शकेन का’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो, एवढे लक्षात ठेवलेत तरी पुष्कळ होईल.

या पदावर येणारा एकटेपणा किती अचानक येतो, हे बाहेरून कळत नाही. ज्या टेबलाशी मी ११ वर्षे बसत होते, त्याच टेबलावरचे बोलणे माझ्या पहिल्याच दिवशी बदलले. कोणी वाईट वागले नाही. फक्त माझ्यासाठी खुर्ची सरकवली जाऊ लागली, आणि त्या सरकवलेल्या खुर्चीमुळेच आपण आता यांच्यातले नाही हे मला कळले. माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी उपाय सांगितला नाही. स्वतःच्या पहिल्या वर्षी त्या मधल्या सुट्टीत कार्यालयाचे दार लावून बसत असत, आणि ते दार पुन्हा उघडे ठेवायला त्यांना किती महिने लागले, हे त्यांनी सांगितले. त्यांच्या यशाच्या गोष्टींपेक्षा ही एक गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. पायवाट सर, आपणही त्या मॅडमना आपल्या वगळल्या गेलेल्या वर्षभराविषयी सांगितले आहे का? नसेल, तर ते आधी सांगावे अशी माझी विनंती आहे. आपल्या हातून वेळापत्रकच चुकले असे त्या अजून समजत असतील.

मार्गदर्शक मॅडमनी माझ्याकडून करून घेतलेली एक साधी गोष्ट इतरांनाही उपयोगी पडेल. दिवस कुठे जातो ते कळत नाही, वर्गांवर जायला वेळच मिळत नाही, अशी माझी सततची तक्रार होती. त्यांनी मला तीन दिवस एक कागद टेबलावर ठेवायला सांगितला. कार्यालयाच्या दाराशी कोण आले आणि कशासाठी आले, एवढेच त्यावर लिहायचे होते. चौथ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही बसलो. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘हे तुमच्याशिवाय कोण ठरवू शकले असते?’ निम्म्याहून अधिक ओळींपुढे मला दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहिता आले. खडूचे खोके, बदली तासिका, सहलीच्या परवानगीचे कागद. हे निर्णय माझ्याकडे येत होते, कारण पहिल्याच महिन्यात मी ते सगळे हौसेने घेतले होते. त्यानंतर मी दोन सहकाऱ्यांना कामे लिहून दिली, आणि आता सकाळच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेला मी वर्गांवर असते.

अभ्यासिका यांचे उत्तर

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाशी माझा अनेक वर्षे संबंध आहे, म्हणून या विषयावर इतरत्र जे काम झाले आहे, त्यातले चर्चेला लागू पडेल तेवढे मांडतो.

मार्गदर्शनाला वेळ लागतो, ही गोष्ट ज्या योजना विचारपूर्वक आखल्या गेल्या त्यांत स्पष्ट दिसते. न्यूझीलंडने प्रथमच मुख्याध्यापक होणाऱ्यांसाठी २००२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो ऑकलंड विद्यापीठाच्या माध्यमातून चालवला गेला, त्याचा कालावधी १८ महिन्यांचा होता, आणि मार्गदर्शकाने शाळेत जाऊन भेटणे हा त्याचा एक भाग होता. सिंगापूरने त्याच्याही आधी, १९८४ पासून, भावी मुख्याध्यापकांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात अनुभवी मुख्याध्यापकाच्या शाळेत काही आठवडे राहून काम करण्याची सोय केली होती. म्हणजे तेथे हे नाते पद हाती येण्यापूर्वीच सुरू होत असे. अमेरिकेतील वॉलेस फाउंडेशन या शिक्षणक्षेत्रातील कामाला मदत करणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये अशा योजनांचा आढावा प्रसिद्ध केला. तोवर तेथील जवळपास निम्म्या राज्यांनी नव्या मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शन कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आवश्यक ठरवले होते. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मार्गदर्शकांनाच पुरेसे प्रशिक्षण नव्हते, आणि बरेचसे काम ओळखीपाळखीच्या सोबतीवर किंवा रकाने भरण्यावर येऊन थांबत होते, असे त्या आढाव्यात दिसले. मार्गदर्शन किमान एक वर्ष, शक्यतो दोन किंवा अधिक वर्षे चालावे, आणि मार्गदर्शकांना त्यासाठी चांगले प्रशिक्षण मिळावे, अशी त्यातील शिफारस होती. पायवाट सरांना कोणी काही शिकवले नाही, ही त्यांची एकट्याची परिस्थिती नाही, हे यावरून लक्षात येईल.

याचा उपयोग होतो का, असे वरिष्ठ विचारतात तेव्हा सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतील सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांनी २०११ ते २०१६ या काळात मुख्याध्यापकांची निवड, पूर्वतयारी, नेमणूक आणि नेमणुकीनंतरचा आधार या सर्व गोष्टी एकत्र सुधारल्या. रँड या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात तीन वर्षांनंतर त्याच शाळेत टिकून असलेल्या नव्या मुख्याध्यापकांचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या शाळांपेक्षा ७.८ टक्के अंकांनी अधिक आढळले, आणि विद्यार्थ्यांच्या गुणांतही वाढ दिसली. हे सारे श्रेय एकट्या मार्गदर्शनाला देता येणार नाही, कारण तो त्या कामाचा एक भाग होता. तरी मुख्याध्यापक दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या शाळेचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचे मोल समजेल.

सहप्रवासी यांनी एकत्र वर्ग पाहण्याविषयी लिहिले, त्यालाही अभ्यासाचा आधार आहे. व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले. शाळाप्रमुखाच्या पाच प्रकारच्या कामांची त्यांनी तुलना केली, आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे व त्यात स्वतः सहभागी होणे या कामाचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला. असे असताना मार्गदर्शनाच्या भेटी जर अहवाल, परिपत्रके आणि सह्या यांतच संपत असतील, तर नवे मुख्याध्यापकही तेच आपले मुख्य काम मानू लागतील.

सांगणे की विचारणे, या प्रश्नावर रॉबिन्सन यांचीच एक मांडणी मला मोलाची वाटते. आपले मत मनात ठेवून सूचक प्रश्न विचारत राहणे त्या योग्य मानत नाहीत. त्यात समोरच्याला आपल्या मनातले उत्तर ओळखायला लावले जाते. आपले मत आणि त्यामागचे कारण उघड मांडावे, आणि मग ते चूक असू शकते असे खरोखर धरून समोरच्याचे म्हणणे विचारावे. या रीतीने पाहिले तर आपण फोनवर असे म्हणू शकला असता : ‘मी माझ्या शाळेत शिक्षक बदलले, कारण तिथे अमुक अडचण होती, तुमच्याकडे तीच आहे का, हे मला माहीत नाही. तुम्हाला काय दिसते?’ यात सांगणेही झाले आणि विचारणेही झाले.

कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये एका व्यावसायिक कंपनीतील मार्गदर्शक आणि नवोदित यांच्या नात्यांचा अभ्यास करून त्यांचे चार टप्पे मांडले होते : सुरुवात, बहर, वियोग आणि नव्याने जुळणी. शाळा ही कंपनी नव्हे. पण तिसरा टप्पा आपल्याकडे कोणी लक्षातच घेत नाही. नाते कधी सैल करायचे, हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवावे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही रोज फोन येत असेल, तर आपले काम नीट झाले नाही असे मी समजतो.

लेखणी यांचे उत्तर

वरील सर्वांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. पाहू द्या, विचारा, त्यांना सुचू द्या, हे वर्गाच्या आणि माणसांच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. परंतु काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात, स्पष्ट आणि आज्ञार्थी शब्दांत सांगितल्या पाहिजेत, कारण तिथे चुकून शिकण्याची मुभा नसते.

एका नव्या मुख्याध्यापकांनी कार्यभार स्वीकारताना यादीवर त्याच दिवशी सही केली. आधीच्या मुख्याध्यापकांविषयी आदर होता, समोर माणसे उभी होती, मोजत बसणे त्यांना अशोभनीय वाटले. चार महिन्यांनी प्रयोगशाळेच्या साहित्याची मोजणी झाली तेव्हा यादीतील काही सूक्ष्मदर्शक कपाटात नव्हते, आणि यादीवर सही यांची होती. त्यांना एक मार्गदर्शकही नेमून दिलेले होते. त्या मार्गदर्शकांनी पहिल्या भेटीत त्यांना शाळेविषयीचे त्यांचे स्वप्न काय आहे, हे विचारले होते. स्वप्न विचारावेच, पण त्याआधी ‘मोजल्याशिवाय सही करू नका, आणि मोजायला वेळ मागण्यात अपमान नाही’ हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवे होते.

तसेच मुलाच्या सुरक्षिततेविषयी तक्रार आली तर ती त्याच दिवशी लिहून घ्यावी, मुलाला आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला समोरासमोर बसवू नये, आणि प्रकरण शाळेतल्या शाळेत मिटवण्याचा प्रयत्न न करता नियमाने जिथे कळवायचे तिथे कळवावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. आलेला पैसा त्याच दिवशी रोकडवहीत चढवावा. या बाबतीत ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारण्यात अर्थ नाही. पायवाट सर आडाखा विचारत आहेत, तर माझा आडाखा असा : ज्या चुकीची भरपाई मुलाला किंवा मुख्याध्यापकाच्या नोकरीला करावी लागेल, तिथे सांगा, बाकी ठिकाणी सोबत बसा.

पायवाट यांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. उत्तरे वाचून मी दोन गोष्टी केल्या, त्या कळवतो.

वरिष्ठांना भेटून अभिप्राय देण्यास नम्रपणे नकार दिला. ते प्रथम नाराज झाले, कारण मग तिघांच्या कामाची माहिती त्यांना कशी मिळणार, असा त्यांचा प्रश्न होता. सहप्रवासी यांनी सांगितल्याप्रमाणे भेटीच्या तारखा आणि विषय कळवण्याचे मी मान्य केले आहे, आणि ते स्वतः वर्षातून दोनदा प्रत्येक शाळेत जातील असे ठरले आहे. लेखी स्वरूपात हे अजून माझ्या हाती आलेले नाही. ते आल्यावर तिघांना एकत्र बोलावून त्यांच्यासमोर वाचून दाखवीन.

त्यानंतर मी त्या मॅडमच्या शाळेत गेलो. फोनवर ही गोष्ट बोलण्याची नव्हती. माझ्याकडून काय सांगायचे राहिले, ते मी त्यांना पहिल्यापासून सांगितले. उत्तरपत्रिका, वर्षभराचे बोलणे, शिक्षकांनी स्वतः वर्ग मागणे. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सर, गेले दोन महिने मला वाटत होते की, तुम्हाला जमले ते मला जमत नाही.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘दुसरे वर्ष’ यांनी लिहिले ते अक्षरशः खरे होते.

आम्ही दोघे त्या खालच्या वर्गात मागे बसलो आणि २० मिनिटे लिहिले. ते ज्येष्ठ शिक्षकच शिकवत होते. मॅडमनी आदल्या दिवशी त्यांची परवानगी घेतली होती आणि त्यांनी ती कोरड्या शब्दांत दिली होती. वह्या उघडल्या तेव्हा दोघांच्याही वहीत एकच गोष्ट होती : शिक्षक उदाहरण उत्तम समजावतात, पण निम्म्या वर्गाला त्याआधीची पायरी, म्हणजे भागाकारच, नीट येत नाही. वरच्या वर्गांत २२ वर्षे शिकवलेल्या शिक्षकांना हे कधी पाहावे लागले नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मॅडमच्या मनात आता दोन विचार आहेत. बदल मागे घेऊन त्यांना त्यांचे वर्ग परत द्यावेत, म्हणजे मने शांत होतील. किंवा बदल तसाच ठेवून त्यांच्याशी बोलावे. मी या वेळी उत्तर दिलेले नाही, माझे मतही अजून पक्के झालेले नाही. सोमवारी पुन्हा भेटायचे आहे. या भेटीआधी मी काय लक्षात ठेवावे?

सहप्रवासी यांचे उत्तर

सर, सोमवारी त्या शिक्षकांची वही मॅडमच्या वहीशेजारी आली तर बरे होईल. भागाकाराची पायरी हुकलेली आहे, हे आपण दोघांना दिसले. ते शिक्षकांना दिसले आहे का, हे अजून कोणी त्यांना विचारलेले नाही. बदल ठेवावा की मागे घ्यावा, हे ठरवण्याआधी मॅडमनी त्या वर्गाच्या १० उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्यासोबत एक तासिका बसावे, आणि बसण्यापूर्वी सूचनाफलकावर कळवले गेले त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी. हे माझे मत आहे; त्यांना ते सांगायला हरकत नाही, फक्त ते माझे आहे म्हणून सांगावे. आणि त्या बैठकीला आपण स्वतः बसू नये. आपण खोलीत असलात तर शिक्षक आपल्याशी बोलतील, मॅडमशी बोलणार नाहीत.